टिकते म्हणजे किती तास, की किती वर्षं?

नागपुरात बर्डीवर, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं एवढंसं दुकान आहे. काउंटरच्या आत एक माणूस मावतो, बाहेर एक स्टूल. मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्या स्टुलावर बसलो होतो आणि दुकानदार माझ्या भाच्याचा मोबाइल उघडत होता. उघडायचं फारसं उरलंच नव्हतं, कारण मागचं झाकण एका कडेने स्वतःहून वर आलं होतं. त्याने प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीतून फिरवली, झाकण बाजूला केलं आणि काही न बोलता मोबाइल माझ्यासमोर धरला. बिस्किटासारखी चपटी असायला हवी ती बॅटरी तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगली होती.

"गाडीवर लावून फिरून राहिला का हा?" त्याने मला विचारलं.

भाचा पार्सल पोचवायचं काम करतो. हँडलवर स्टँड, स्टँडमध्ये मोबाइल, गाडीच्या बॅटरीतून आलेली चार्जिंगची वायर, आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मॅप चालू. "दिवसभर चार्जिंगलाच राहते ना मामा, शंभराच्या खाली उतरूच देत नाही मी," तो जरा अभिमानानेच म्हणाला. मोबाइल चौदा महिन्यांचा होता. तो घ्यायचा सल्ला माझा होता.

मी हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षं यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत काढली, म्हणून घरात कुणाला मोबाइल घ्यायचा असला की मला विचारतात. भाच्याने विचारलं होतं, "बॅटरी टिकते का?" मी परीक्षणं वाचून सांगितलं होतं, "दीड दिवस टिकते, घे." उत्तर खरं होतं. फक्त ते एका वेगळ्याच प्रश्नाचं होतं.

आपण भाजी टिकते असंही म्हणतो आणि साडी टिकते असंही म्हणतो. तिथे घोटाळा होत नाही, एकीचा हिशोब दिवसांचा आणि दुसरीचा वर्षांचा, हे सगळ्यांना कळतं. बॅटरीच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकाच वाक्यात घुसतात. सकाळी भरलेली बॅटरी रात्री किती वाजेपर्यंत जाते, हा एक प्रश्न. आज रात्रीपर्यंत जाणारी बॅटरी तीन वर्षांनीही रात्रीपर्यंत जाईल का, हा दुसरा. दुकानातला पोरगा पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर खोक्यावर नसतं, आणि नागपूरच्या माणसाला गरज जास्त दुसऱ्याचीच असते.

पहिला प्रश्न आधी उरकून घेऊ, तो सोपा आहे. खोक्यावर ५००० किंवा ६००० एमएएच लिहिलेलं असतं. ही टाकी किती मोठी त्याची माहिती झाली, गाडी ॲव्हरेज किती देते ते त्यातून कळत नाही. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा 'टिपिकल' म्हणजे सरासरी असतो, किमान हमीचा आकडा बारीक अक्षरात खाली असतो. सॅमसंगच्या एस२४ अल्ट्रावर ५००० च्या खाली ४८५५ लिहिलेलं सापडतं. यात फसवणूक नाही, पण दोन मोबाइलची तुलना करताना एकाचा टिपिकल आणि दुसऱ्याचा किमान आकडा धरू नका.

ॲव्हरेज ठरवते चिप. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२२ सालचं. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप सॅमसंगच्या कारखान्यात बनत होती आणि तापट म्हणून तिची बरीच बदनामी झाली. त्याच वर्षी कंपनीने जवळजवळ तीच चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतली, नाव दिलं ८ प्लस जेन १, आणि वीज सुमारे ३० टक्के कमी लागते असा दावा केला. नावात फरक एका 'प्लस'चा. टाकी तीच ठेवून ॲव्हरेज असा बदलतो, त्यामुळे नुसतं एमएएच बघून मोबाइल निवडण्यात अर्थ नाही.

चिपनंतर पडदा, आणि पडद्यानंतर सिग्नल. सिग्नलकडे कुणी लक्ष देत नाही. टॉवर लांब असला की मोबाइलला जास्त ताकदीने ओरडावं लागतं. काटोल किंवा उमरेडकडे जाताना मधल्या पट्ट्यात मोबाइल खिशात असूनही बॅटरी उतरते ती यामुळे. घरात ज्या कंपनीचं सिम नीट चालत नाही, त्या सिमवर कुठलाही मोबाइल कमीच टिकेल.

परीक्षणांतले तास एकमेकांशी ताडून बघायला उपयोगी असतात, स्वतःच्या दिवसाशी जुळवायला नाही. जीएसएमअरीनासारखी साइट सगळे मोबाइल २०० निट्स इतक्या ठरावीक उजेडावर तपासते. घरात ते ठीक आहे. व्हेरायटी चौकात दुपारी एक वाजता मॅप दिसावा म्हणून मोबाइल स्वतःच पडदा १००० निट्सच्या वर नेतो. त्या वेळी परीक्षणातल्या चौदा तासांवर विसंबून राहू नका, फक्त चौदावाला मोबाइल अकरावाल्यापेक्षा चांगला एवढंच धरा.

आणखी एक खोच, जी मला फार उशिरा कळली. परदेशी परीक्षण वाचताना तोच मोबाइल आहे याची खात्री करा. पोको एफ७ भारतात ७५५० एमएएचचा आहे, बाहेरच्या देशांत ६५०० चा. नथिंग फोन ३ इथे ५५००, तिकडे ५१५०. याचं एक कारण वाहतुकीच्या नियमांत असल्याचं सांगतात. लिथियमचा एक सेल २० वॉट-तासांच्या आत असेल तर त्याची ने-आण सोपी, वर गेला की तो धोकादायक मालाच्या कडक नियमांत जातो. ५००० एमएएचला साधारण ३.८५ व्होल्टने गुणलं की १९.२५ वॉट-तास येतात, रेषेच्या अगदी अलीकडे. इतकी वर्षं जो तो ५००० वरच का थांबत होता, याचा थोडा उलगडा इथे होतो.

(वॉट-तासांवरून आठवलं. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. गळती धरूनही त्यात ३०-४० वेळा मोबाइल पूर्ण भरतो. तेव्हा पाहुण्यांनी चार्जर लावला म्हणून बिलाची काळजी करणाऱ्यांनी आधी कूलरचा पंप बघावा.)

आता वर्षांचा प्रश्न, म्हणजे फुलक्याचा.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनीने, १९९१ साली. तिच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. आत दोन बाजू असतात, मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून ग्राफाइटच्या बाजूला जाऊन बसतात, वापरताना परत येतात. ही ये-जा म्हणजे बॅटरी.

पण ग्राफाइट आणि द्रव यांच्या सीमेवर एक पातळ थर जमतो. तो लागतोही, त्याच्याशिवाय बॅटरी चालणार नाही. अडचण अशी की तो वाढत राहतो. कूलरच्या ताट्या आठवा. खाऱ्या बोअरच्या पाण्याने पहिल्या उन्हाळ्यात पांढरी झाक येते, दुसऱ्यात क्षार हाताला लागतो, तिसऱ्यात पाणी ताटीतून नीट झिरपतच नाही. बॅटरीतही तेच, आणि वर दुहेरी नुकसान. थर बनताना लिथियम त्यात अडकून पडतं, म्हणजे टाकी लहान होते. आणि थर जाड झाला की वाट अरुंद होते, म्हणजे बॅटरीला एकदम जोर लावता येत नाही. जुना मोबाइल १८ टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडताच बंद पडतो तो या दुसऱ्या कारणाने. ॲपलने २०१७ मध्ये कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन असे बंद पडू नयेत म्हणून ती त्यांचा वेग कमी करत होती. त्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

हा थर दोन गोष्टींनी भराभर वाढतो, उष्णता आणि भरलेली बॅटरी. एकेकट्या त्या सोसता येतात. दोन्ही एकत्र आल्या की बॅटरीचे हाल होतात. या क्षेत्रात नेहमी दिला जाणारा एक तक्ता आहे, बॅटरी न वापरता वर्षभर नुसती ठेवून दिली तर काय होतं याचा. २५ अंशांना ४० टक्के भरून ठेवली तर वर्षाने तिची क्षमता ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवली तर ८०. चाळीस अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. नव्या बॅटऱ्या यापेक्षा सुधारल्या असतील, पण क्रम तोच आहे. काहीही न करता, नुसतं गरम आणि भरलेलं राहून वर्षभरात तिसरा हिस्सा गेला.

भाच्याचा मोबाइल रोज सहा तास नेमका याच अवस्थेत होता. उन्हात, काळ्या स्टँडवर, पडदा पूर्ण उजेडावर, आणि चार्जिंग शंभरावर धरून ठेवलेलं.

ॲपल स्वतःचे फोन ० ते ३५ अंश हवेत वापरा असं सांगते. म्हणजे कंपनीच्या हिशोबाने मार्च संपता संपता ते पाऊस येईपर्यंत नागपुरात दुपारी घराबाहेर मोबाइल काढणंच नियमात बसत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, तर बोलायलाच नको. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली होती. नंतर हवामान खात्याने सांगितलं की तिथला सेन्सर बिघडला होता. आपण नागपूरकरांना मात्र आकडा ऐकून फारसा धक्का बसला नव्हता.) उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ६०-७० अंश सहज होतात, तिथे मोबाइल ठेवून रामटेकला दर्शनाला जाणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी सायकलचा आकडा शोधतो. सायकल म्हणजे वायर किती वेळा लावली ते नव्हे. एकूण शंभर टक्के खर्च झाले की एक सायकल. आज ५० टक्के वापरले, उद्या ५०, तर दोन दिवसांत मिळून एक. कंपनी म्हणते अमुक सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील. ॲपलचा हा आकडा आयफोन १४ पर्यंत ५०० होता, १५ पासून १००० झाला. युरोपात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या मोबाइलना किमान ८०० सायकलनंतर ८० टक्के राहण्याची अट कायद्यानेच लागू झाली आहे. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात, मोबाइलवर नाहीत. पण युरोपातल्या मोबाइलच्या खोक्यावर आता तशीच पट्टी असते. तिच्यावर एका चार्जमध्ये किती तास-मिनिटं आणि एकूण किती सायकल, असे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. म्हणजे आपला घोटाळा त्यांनी पट्टीवरच सोडवला. ही माहिती एप्रेल नावाच्या त्यांच्या सरकारी साइटवर कुणालाही फुकट बघता येते. तुमच्या मनातलं मॉडेल तिकडेही विकलं जात असेल तर पाच मिनिटं खर्च करा, फक्त वरची एमएएचची खोच विसरू नका.

आता एक हिशोब करू, कारण इथे मोठ्या बॅटरीचा दुसरा फायदा दिसतो. समजा तुमचा रोजचा खर्च ४००० एमएएच आहे. ५००० च्या बॅटरीत ती रोज ०.८ सायकल झाली, वर्षाला २९२. म्हणजे ८०० सायकल पावणेतीन वर्षांत संपतात. तोच खर्च ६५०० च्या बॅटरीत वर्षाला सुमारे २२५ सायकल, म्हणजे साडेतीन वर्षं ओलांडली. मोठी टाकी तासही देते आणि वर्षंही. अर्थात उन्हाचं गणित या हिशोबात नाही, ते वेगळं वजा करायचं.

सहा-सात हजारांच्या बॅटऱ्या आता एवढ्याशा जाडीत बसतात ते सिलिकॉन-कार्बनमुळे. ग्राफाइटच्या जागी थोडं सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच वजनात खूप जास्त लिथियम मावतं. शुद्ध सिलिकॉनची क्षमता ग्राफाइटच्या जवळपास दहापट. मग सगळंच सिलिकॉन का नाही? कारण भरताना ते तिप्पट-चौपट फुगतं आणि रिकामं होताना आक्रसतं. ग्राफाइट फुगतं दहाएक टक्के. असं रोज फुगून-आक्रसून सिलिकॉनला तडे जातात, आणि प्रत्येक तड्यावर तो मघाचा थर नव्याने जमतो. म्हणून कार्बनच्या आधाराने बेताचंच मिसळतात. ऑनर कंपनीने २०२३ मध्ये चीनमध्ये अशी बॅटरी मोबाइलमध्ये आणली, त्यानंतर बाकीच्यांची रांग लागली. माझं मत विचाराल तर घ्यायला हरकत नाही, पण सायकलचा आकडा लेखी सांगणाऱ्या कंपनीचीच घ्या. हे तंत्र अजून कोवळं आहे, उन्हाळे त्याने फारसे बघितलेले नाहीत.

फास्ट चार्जिंगबद्दल लोक जितके घाबरतात तितकं घाबरायचं कारण नाही. मोरभवनला रिकामी बस लागली की पहिली तीस माणसं धडाधड बसतात. शेवटच्या पाच जणांना मात्र जागा शोधत, 'जरा सरका' म्हणत जावं लागतं. मोबाइलही तसाच भरतो. जोरदार वॅट फक्त पहिल्या टप्प्यात जातात, ८० नंतर वेग पडतोच. शिवाय मोठ्या वॅटच्या मोबाइलमध्ये बरेचदा दोन सेल असतात, भार वाटला जातो. बॅटरीला इथेही मारते ती उष्णताच. रात्री कूलरसमोर ८० वॉटने भरलेला मोबाइल दुपारी खिडकीत उन्हात १८ वॉटने भरलेल्यापेक्षा सुखी असतो. आणि "पूर्ण उतरू द्या, मग चार्ज करा" हा काकालोकांचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला रिकामं होणं आवडत नाही.

भाच्यासारख्या माणसाने दुकानात दोन सोयी विचारायला हव्यात, आणि मी तेव्हा एकही विचारली नव्हती. एक, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का. आयफोन १५ पासून पुढे, पिक्सेलवर, सॅमसंगवर आणि इतरही कित्येकांवर ही सोय आहे. दुसरी म्हणजे बायपास चार्जिंग. यात वायरमधून येणारी वीज बॅटरीला बाजूला ठेवून थेट मोबाइल चालवते. ही सोय गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आणली गेली, पण दिवसभर मॅप लावून फिरणाऱ्याला तिचा जास्त उपयोग. उन्हाचं काही होत नाही तिने, पण भरलेली आणि आतून तापणारी, हे दोन्ही त्रास कमी होतात.

काही कंपन्या हा निर्णय तुमच्यावर सोडतच नाहीत, तेही आधी माहीत असावं. गूगलच्या पिक्सेल ९ए पासून पुढे २०० सायकलनंतर बॅटरीचा व्होल्टेज सॉफ्टवेअरच टप्प्याटप्प्याने उतरवतं, आणि ते बंद करता येत नाही. बॅटरीच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे, पण घेणाऱ्याला तास कमी झालेले जाणवतात.

सेकंडहँड घेत असाल तर पुसलेल्या काचेवर जाऊ नका. आयफोनमध्ये सेटिंग, बॅटरी, मग बॅटरी हेल्थ. १५ पासून तिथे सायकल किती झाल्या, बॅटरी कधी बनली, हेही दिसतं. नव्या पिक्सेलवर 'अबाउट फोन'मध्ये ही माहिती असते. मोबाइल टेबलावर पालथा ठेवून बोटाने दाबून बघा, डुलला किंवा काच कडेला उचललेली वाटली तर नमस्कार करून निघा. आणि 'सीलपॅक आहे, मागच्या दिवाळीचा स्टॉक, स्वस्तात देतो' याचाही अर्थ समजून घ्या. खोक्यातही बॅटरी म्हातारी होतेच, आणि पत्र्याच्या गोदामात एक मे काढला असेल तर जास्तच.

शेवटी बॅटरी बदलायची वेळ येतेच. म्हणून नवा मोबाइल घेण्याआधीच त्या कंपनीच्या नागपुरातल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून या मॉडेलची बॅटरी बदलायचे किती आणि किती दिवसांत, असं विचारून ठेवा. उत्तर 'पुण्याहून मागवावी लागेल' असं आलं तर तीही माहितीच. बाहेर बदलत असाल तर बॅटरीवर आयएस १६०४६ हा शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो.

बर्डीच्या दुकानदाराने फुगलेली बॅटरी हलक्या हाताने सोडवली आणि काउंटरखालचा वाळूचा डबा ओढून त्यात ठेवली. डब्यात आधीच तीन होत्या. "हा उन्हाळ्याचा माल आहे," तो म्हणाला. "पावसाळ्यात पाण्यात पडलेले येतात."

भाच्याने नवा मोबाइल घेतला तो ७००० एमएएचचा, बायपासवाला. स्टँड त्याने आता हँडलवरून काढला आहे. मोबाइल शर्टाच्या खिशात असतो आणि एका कानातल्या इअरफोनमधून बाई रस्ता सांगते. पहिल्याच आठवड्यात रात्री त्याचा फोन आला, आवाज घाबरलेला. "मामा, डुप्लिकेट लागला वाटते ना. ऐंशीच्या पुढं जाऊनच नाही राहिला!"